आखातातली प्रवाळे आणि घाईचा निष्कर्ष

मा. संपादक,
स. न.

‘आखातातली प्रवाळे इतक्या उन्हात जगतात, मग बाकीचीही सरावतील’ असा सूर असलेला लेख आपल्या अंकात वाचला. मी मूळचा मालवणचा, चौदा वर्षे अबुधाबीत नोकरीला. सुटीला हीच प्रवाळे बघायला पाण्यात उतरतो, म्हणून लिहितो आहे.

ऑगस्टमध्ये इथले पाणी 35 अंशांपर्यंत तापते. बंबातून काढल्यासारखे लागते. त्यात प्रवाळे तगतात ती अंगात वस्तीला असलेल्या सूक्ष्म शैवालाच्या जोरावर. त्यांचे बहुतेक अन्न हे शैवालच बनवते आणि इथली त्याची जात काटक आहे; 2015 मध्ये तिचे स्वतंत्र वर्णन झाले. पण हिमयुग सरल्यावर कोरड्या आखातात समुद्र शिरला, तेव्हापासूनच्या हजारो वर्षांची ही कमाई आहे. शिवाय ती मिठाशी बांधलेली. आखाताचे पाणी आपल्या समुद्रापेक्षा बरेच खारट. कमी खारट पाण्यात ठेवल्यावर याच प्रवाळांची उष्णता सोसण्याची ताकद घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे इथली फांदी नेऊन मालवणात लावण्यात फारसा अर्थ नाही.

लेखात पिलावळीचा उल्लेखच नव्हता. अंडी अंगात पिकायला काही महिने जातात आणि ती सोडायची वेळ इथे साधारण एप्रिल-मे, पौर्णिमेच्या आसपास. म्हणजे खरा उन्हाळा चढण्याआधी पिल्ले खडकाला चिकटून मोकळी. एकदा एप्रिलच्या रात्री बॅटरीच्या उजेडात मी हे पाहिले. फांद्यांच्या टोकांवर आधी बारीक गुलाबी टिपके उठले, मग भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे सुटून वर तरंगू लागले. प्रत्येक दाण्यात अंडी आणि शुक्राणू एकत्र बांधलेले. माझ्या मास्कवरही दोन-चार चिकटले!

आणि सरावाला मर्यादा आहे. 2017 च्या उन्हाळ्यात शमाल, म्हणजे इथला वायव्येकडून येणारा वारा, मंदावला, बाष्पीभवनाने येणारा गारवा गेला आणि अबुधाबीकडची जवळपास सगळी प्रवाळे अंगातले शैवाल गमावून पांढरी पडली. सप्टेंबरपर्यंत दोन तृतीयांश मेली. वाचलेल्यांचेही शैवाल गेलेले, म्हणजे अन्न तुटलेले. अशा उपाशी प्रवाळात पुढच्या हंगामाची अंडी पुरती धरतच नाहीत. लेखकांनी जगलेली प्रवाळे मोजली, तशी विणारीही मोजायला हवी होती.

– एक मालवणकर वाचक, अबुधाबी