सदास, ताईंच्या रिपोर्टबद्दल

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. ताईंनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही, मग फुप्फुसाचा कर्करोग कसा, असं तू विचारतोस. वर तुझे मेहुणे 'इम्युनिटी वाढवणारा' काढा घेऊन दारात उभे! काढ्याचं आधी सांगतो: डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबभरही देऊ नकोस.

प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून कर्करोग झाला, हे अर्धंच खरं. आपल्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडून एकमेकींना निरोप देतात. जखम झाली की या निरोपांवर पांढऱ्या पेशी धावून येतात, नव्या रक्तवाहिन्या तयार होतात, जखम भरते आणि सगळं निवतं. कर्करोगाच्या गाठीत ते निवतच नाही. हॅरोल्ड ड्व्होरॅक यांनी 1986 साली गाठींना 'न भरणाऱ्या जखमा' म्हटलं, ते उगाच नाही.

लॅबमध्ये हे रोज डोळ्यांपुढे असतं. काचपट्टीवर गुलाबी-जांभळा रंगवलेला फुप्फुसाचा तुकडा. मधे कर्करोगाच्या पेशींचे वेडेवाकडे पुंजके, भोवती बारीक, गोल, गडद लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि पोटात काजळी भरलेले मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी. विडी न ओढणाऱ्या शहरी माणसाच्या फुप्फुसातही ही काजळी सापडते. आम्ही एका ओळीत नोंद करून पुढं सरकतो.

पण त्या काळ्या पेशींतच तुझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधले चार्ल्स स्वॉन्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम 2023 साली प्रसिद्ध झालं. निरोगी फुप्फुसाच्या 18 टक्के नमुन्यांत त्यांना पेशींची वाढ चालवणाऱ्या ईजीएफआर जनुकातले कर्करोगकारक बदल आढळले. म्हणजे बिघडलेली पेशी गुमान पडून असते. हवेतले पीएम 2.5, म्हणजे प्रदूषणाचे अतिसूक्ष्म कण आत गेले की मॅक्रोफेज गोळा होतात, इंटरल्युकिन-1 बीटा नावाचं सायटोकाइन सोडतात, आणि ती पेशी उठून बसते. उंदरांत हा निरोप अडवला तर गाठी कमी झाल्या. ताईंचं असंच झालं, हे मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. एकेका माणसाबाबत तसं कुणालाच सांगता येत नाही.

पुढं गाठ वाढू लागली की इंटरल्युकिन-6 हे दुसरं सायटोकाइन तिला मरू देत नाही. तेच यकृताला सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) वाढवायला लावतं आणि भूक मारायला, स्नायू झिजवायला हातभार लावतं. तेव्हा ताई जेवत नाहीत म्हणून त्यांना रागावू नका रे, तो हट्ट नाही. टीजीएफ-बीटा हा आणखी एक निरोप्या तर पक्का दुतोंडी: सुरुवातीला वाढीला लगाम घालतो, नंतर पेशींना शेजारणींपासून सुटून दूर जायला मदत करतो. इंटरफेरॉन-गॅमा हा हल्ल्याचा निरोप, पण तो ऐकून गाठ अंगावर पीडी-एल1 नावाचं प्रथिन चढवते आणि हल्लेखोर टी-पेशी थंडावतात. आता यात 'इम्युनिटी वाढवा' म्हणजे नेमकं काय वाढवायचं, हे मेहुण्यांना विचार!

बरं, निरोप अडवला की काम फत्ते, असंही नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 रुग्णांवरच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधानं इंटरल्युकिन-1 बीटा अडवला होता. 2017 च्या निष्कर्षांत, औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसला. सगळ्यांनी उड्या मारल्या. मग कर्करोग झालेल्यांना तेच औषध देऊन पाहिलं, तर मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही. सुरुवात रोखणं वेगळं आणि भडकलेलं विझवणं वेगळं, असं मला वाटतं.

तू एवढं कर. ईजीएफआर, एएलके (असंच दुसरं जनुक) आणि पीडी-एल1 या तपासण्या झाल्यात का, ते विचार. ईजीएफआरमध्ये बदल निघाला तर बहुधा आधी त्यावरच्या गोळ्या देतात. अशा गाठींवर नुसती इम्युनोथेरपी (टी-पेशींना पुन्हा हल्ल्याला लावणारे उपचार) सहसा फारशी चालत नाही. रिपोर्टचा फोटो पाठव, आणि किमतीचं डॉक्टरांशी मोकळेपणी बोल, लाजू नकोस. काढ्यावरून मेहुणे रुसलेच तर माझं नाव सांग.

तुझा,
मधू