क्षमा केली म्हणून समेट करायलाच हवा का?

संपादक महोदय,

‘झालं गेलं गंगेला मिळालं, आता पूर्वीसारखे एकत्र या,’ असे दुखावलेल्या माणसाला सांगताना आपण त्याच्याकडे दोन निरनिराळ्या गोष्टी मागत असतो, याचे भान सांगणाऱ्यांना सहसा नसते. क्षमा एकट्याला करता येते. दिलजमाईला मात्र दोघे लागतात आणि त्यांतल्या दुसऱ्याने चूक कबूल करून आपले वागणे बदललेले असावे लागते. वारलेल्या वडिलांना मुलगा क्षमा करू शकतो, त्यांच्याशी समेट मात्र करू शकत नाही. म्हणून त्याची क्षमा अपुरी ठरत नाही.

१३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमत अली आग्जाला त्यांनी चारच दिवसांनी, रुग्णशय्येवरून, जाहीरपणे क्षमा केली. तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली ती १९८३च्या डिसेंबरात, आणि इटलीतला त्याचा कारावास तर पुढे २०००पर्यंत चालू राहिला. वर्णभेदाच्या राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या ज्या आयोगाच्या नावातच ‘सत्य’ आणि ‘सलोखा’ हे दोन्ही शब्द होते, त्यानेही गुन्हेगाराला कायदेशीर माफी देण्यासाठी संपूर्ण सत्यकथनाची अट घातली होती. पीडिताने त्याला क्षमा केलीच पाहिजे, अशी अट नव्हती.

घरात मारहाण सोसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही गल्लत जिवावर बेतू शकते. सूड घेण्याची इच्छा तिने सोडून दिली असेल, समोरच्याचे वाईट व्हावे असेही तिला वाटत नसेल. पण त्याच्याच छताखाली परतायला ती नकार देते तेव्हा ‘तू मनापासून क्षमा केलीच नाहीस’ असे तिला ऐकवणे हा तिच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे. सावधगिरी म्हणजे आकस नव्हे.

‘क्षमा केली, पण तोंड पाहणार नाही’ या वाक्याआड कधीकधी जुना रागच दडलेला असतो, हे मला मान्य आहे. मात्र तो आहे की नाही, हे त्या माणसाने स्वतःशी तपासावे. आप्तेष्टांनी त्याचा निवाडा करू नये. समेट व्हावा अशी त्यांना खरोखर तळमळ असेल, तर त्यांनी आधी अपराध करणाऱ्याकडे जावे आणि त्याने आतापर्यंत काय कबूल केले, कशाची भरपाई केली, हे त्याला विचारावे. हा प्रश्न त्याला कुणी विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात फारसे आलेले नाही.

आपला,
एक वाचक