गोष्टीचा तास द्या साहेब, चौकटी नंतर भरू

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, नमस्कार.

कोपरखैरण्यात घरीच शिकवण्या घेते, पाचवी ते दहावी, मराठी मीडियम, सेमी, सगळी मिसळ. एकच मागणं आहे म्हणून थेट लिहितेय.

भाषेच्या पेपरात प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली तेव्हा वाटलं, चला, सुटली पोरं घोकंपट्टीतून. पण पोरं बेरकी असतात. चौकटी पूर्ण करा म्हटलं की प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्याच्या आजूबाजूचं उचलायचं आणि टाकायचं चौकटीत, मार्क मिळाले. उतारा वाचलेलाच नसतो! आणि स्वमत? ते गाईडमधून पाठ. स्वतःचं मत पाठ करायचं, आता काय बोलणार.

मध्ये मी पानभराची एक गोष्ट स्वतःच लिहून दिली. एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा बाहेर काढतच नाही, भूक नाही म्हणते. प्रश्न एकच, ती खोटं का बोलली? सगळे माना खाली घालून ओळींमध्ये उत्तर शोधायला लागले, आणि ते तिथे लिहिलेलंच नव्हतं. मग सातवीतला एकजण म्हणाला, "टीचर, डबा रिकामा असणार, वरती दप्तर हलकं लागत होतं असं दिलंय ना." आकलन म्हणतात ते हेच ना? मग त्यालाच सांगितलं, आता हीच सकाळ तिच्या आईच्या बाजूने लिही. अर्धं पान लिहिलं पठ्ठ्याने. ऱ्हस्व-दीर्घाचा पार बोऱ्या, पण लाल पेन मी मुद्दाम लांब ठेवलं, वेलांट्या काय नंतरही सुधारतात.

सामान नाही असंही नाही हो. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपण मात्र १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतो, पुस्तक हातात धरून फोटो, की झालं वर्षभराचं वाचन.

तर मागणं एवढंच, आठवड्याला एक जोडतास फक्त गोष्टीचा ठेवा, वाचायची, बोलायचं, मग लिहायचं. आणि पेपरात निदान एक प्रश्न असा येऊ द्या ज्याचं उत्तर उताऱ्यात छापलेलं नसेल, गोष्टीतला आधार दाखवला की कुठल्याही उत्तराला पूर्ण मार्क. पेपरात आलं की शाळा आपोआप शिकवतात, हे तुम्हाला मी काय सांगू. फक्त त्या तासाला शिक्षकांना सर्व्हे नाहीतर मतदारयाद्यांच्या कामाला पाठवू नका, प्लीज.

आपली,
कोपरखैरण्याची एक शिकवणीवाली टीचर