फोन केला नाही, पत्रच लिहिलं

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मधेच ठेवून दिला असता आणि आई रात्रभर जागली असती, म्हणून लिहितेय. बँकेतली नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झालाय, पुढच्या महिन्यात केनियाला जातेय, क्रिप्टोशी संबंधित कामासाठी.

बाबा, क्रिप्टो म्हटलं की तुम्हाला मामाच आठवणार, माहितीये. पण हे बिटकॉइन घेऊन भाव वाढायची वाट बघणं नाही हो. छोट्या शेतकऱ्यांच्या पीक विम्याचं काम आहे. एकर-दोन एकरवाल्याच्या तुकड्यावर पाहणीला माणूस पाठवायचा खर्चच परवडत नाही, म्हणून त्यांना विमा द्यायला कोणी फारसं तयार नसतं. इथे सॅटेलाइटवरून पाऊस मोजतात, ठरलेल्या आकड्याखाली गेला की ब्लॉकचेनवरचा, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकसारख्या ठेवलेल्या नोंदवहीतला, करार आपोआप पैसे सोडतो, क्लेमचा फॉर्म नाही की साहेबामागे फिरणं नाही. पैसे डॉलरला बांधलेल्या कॉइनमधून फिरतात, पण शेतकऱ्याला शिलिंगच मिळतात, एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्याय-घ्यायच्या तिकडच्या सेवेवर, साध्या बटणाच्या फोनवर, ते तर तिकडे २००७ पासून आहे.

२०२२च्या मेमध्ये टेरा, असंच डॉलरला बांधलेलं म्हणवणारं कॉइन, बुडालं त्याचं कात्रण तुमच्याकडे असेलच. त्याच्यामागे पुरेसे डॉलर नव्हतेच, आम्ही वापरतो त्याच्यामागे डॉलर आणि सरकारी रोखे ठेवलेले असतात. तरी धोका शून्य असं नाही म्हणणार. मला टेन्शन वेगळंच आहे, सॅटेलाइटला पाऊस दिसतो आणि एखाद्याचं रान मात्र कोरडंच राहतं, मग त्याला छदामही मिळत नाही. तेच कमी करायचं काम माझ्याकडे आलंय.

आई, तू काळजी करू नकोस गं, तिकडेही बाथरूमचा दिवा चालू ठेवूनच झोपणारे मी. तुमचं सगळं लावून दिलंय, औषधं घरपोच येतील, ताई आता संध्याकाळीही येतील. पगार थोडा कमी आहे पण तुमच्या खात्यात येतात ते तेवढेच येणार, आणि साधे बँकेतून हं बाबा!

बाथरूममध्ये धरायचा दांडा बसवायला माणूस येईल, त्याला ‘गरज नाही’ म्हणून परत पाठवायचं नाही. माझं नाव सांगून कोणी क्रिप्टोत पैसे दुप्पट करून देतो म्हणालं तर सरळ फोन ठेवा, ओटीपी कोणालाच द्यायचा नाही, मी मागितला तरी नाही. आणि आईच्या शुगरच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, अख्ख्या रिपोर्टचा, नुसतं ‘नॉर्मल आहे’ चालणार नाही.

तुमची,
छकुली