हेलिकॉप्टरचा फोटो छापा, पण खाली डोंगरात काय चाललंय तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जगात कुठेही मोठा वणवा लागला की पेपरात एक फोटो हमखास असतो, हेलिकॉप्टरखाली लटकलेली बादली आणि त्यातून पडणारं पाणी, आणि बाजूला एक ओळ, आग ३० टक्के आटोक्यात. बास. मग वाचणारा साहजिकच विचारतो की अजून चार हेलिकॉप्टर पाठवायला काय होतं यांना. दोष वाचणाऱ्याचा नाही, आपण त्याला एवढंच दाखवतो.

आधी त्या ३० टक्क्यांबद्दल. याचा अर्थ ३० टक्के आग विझली असा नाहीये. आगीच्या पूर्ण परिघापैकी ३० टक्के कडेला अशी रेषा तयार झालीय, जी आग ओलांडणार नाही अशी तिथल्या लोकांना बऱ्यापैकी खात्री आहे, एवढाच अर्थ. आतलं जंगल जळतच असतं, कधीकधी कित्येक आठवडे. आणि उरलेला ७० टक्के परीघ वाऱ्याच्या तोंडाला आहे की पाठीला, खाली वस्ती आहे की नुसता कडा, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

ती रेषा (आपल्याकडे वन खात्यात तिला जाळरेषा म्हणतात) दुर्गम डोंगरात बनते कशी हे एकदा छापा ना. रस्ता नाही त्यामुळे बंब नाही, जेसीबी नाही, पाणी असलंच तर पाठीवरच्या पंपात. अमेरिकेत अशा कामाला साधारण २० जणांचा क्रू असतो. पुढे करवतवाले झुडपं आणि खालच्या फांद्या कापत जातात, त्यांच्यामागे पुलास्कीवाले, म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं हत्यार, आणि शेवटी फावडी आणि दाताळीवाले. गंमत अशी की कोणीच एका जागी उभं राहून पूर्ण खणत नाही, पहिला दोनचार घाव घालून पुढे सरकतो, दुसरा त्याच जागी अजून थोडं उकरतो, असं होत होत शेवटच्या माणसाच्या पायाखाली नुसती माती उघडी पडलेली असते, पाला नाही, गवत नाही, मूळसुद्धा नाही, कारण आग मुळातून सरकत रेषेच्या पलीकडे निघू शकते. आणि आग वर आणि रेषा खाली असेल तर रेषेला चर खणून खालच्या बाजूला मातीचा बांध घालावा लागतो, नाहीतर जळते ओंडके आणि पाइनची बोंडं गडगडत खाली जातात आणि क्रूच्या पायाखालीच दुसरी आग लागते.

हेलिकॉप्टर लागतंच, नाही असं नाही. पण ते ज्वाळा बसवतं, वेळ मिळवून देतं, आणि त्या वेळेत जमिनीवरचा माणूस पोचला नाही तर तीच जागा परत पेटते. दाट झाडीत बरंचसं पाणी वरच्या फांद्यांवरच राहतं, धूर दाटला किंवा वारा वाढला की उड्डाणच बंद, म्हणजे नेमकी सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच. विमानातून जे लाल पडतं ना, ते पाण्यात खतातले असतात तसले अमोनियम फॉस्फेटचे क्षार आणि रंग असतो, आणि तेसुद्धा बहुतेक वेळा आगीवर नाही तर आगीच्या पुढे टाकतात, तिचा वेग कमी व्हावा म्हणून. २०२० च्या डिसेंबर अखेरीला नागालँड-मणिपूर सीमेवर झुकू खोरं पेटलं तेव्हा हवाई दलाची एमआय-१७ हेलिकॉप्टरं बांबी बकेट (खाली लटकणारी ती बादली) घेऊन आली, ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच डोंगरात एनडीआरएफचे जवान आणि स्थानिक स्वयंसेवक पायी चढून गेले होते, त्यांचे फोटो किती पाहिले आपण?

आता उतार. सपाटीवरची आग आणि चढावरची आग यात खूप फरक आहे, चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापून सुकतं आणि लगेच पेट घेतं. ढोबळ नियम असा की उतार १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट, म्हणजे २० अंशांवर चौपट, आणि माणूस मात्र चढावर हळू होत जातो. अरुंद घळ असेल तर ती धुराड्यासारखी आग वर ओढते. सकाळी थंड हवेखाली धूर खोऱ्यात दबून असतो, सगळं शांत वाटतं, दुपारकडे ते झाकण उघडतं, वारा खोऱ्यातून वर वाहायला लागतो आणि तासाभरात चित्र पालटतं. म्हणून सकाळी शांत दिसणाऱ्या आगीच्या वरच्या बाजूला कोणी शहाणा माणूस क्रूला सहज पाठवत नाही.

५ ऑगस्ट १९४९ ला अमेरिकेत मोंटानातल्या मॅन गल्च या घळीत हेच झालं. आग विझवायला पॅराशूटने उतरलेले १५ जण आणि एक स्थानिक गार्ड खालच्या नदीकडे निघाले होते, आग त्यांच्या खाली, घळीच्या तोंडाशी आली, आणि त्यांना वळून गवताच्या उभ्या चढावर पळावं लागलं. फोरमन वॅग डॉजने पळता पळता थांबून समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या राखेत पालथा पडला, बाकीच्यांनाही ये म्हणाला. कोणी आलं नाही. आग मागे लागलेली असताना आपला फोरमन पुढे आग लावतोय हे बघून कोण थांबेल? डॉज वाचला, दोघं जण धारेपलीकडे पोचून वाचले, १३ गेले.

१९९४ ला कोलोरॅडोत स्टॉर्म किंग डोंगरावर परत तेच, आग खाली असताना क्रूची माणसं उतारावरून खाली रेषा काढत चालली होती, दुपारी कोरडा जोराचा वारा आला आणि १४ जण गेले. त्यातल्या काहींच्या हातात, पाठीवर शेवटपर्यंत हत्यारं आणि सामान होतं. म्हणून आता प्रशिक्षणात सामान टाकून पळायचा सराव करून घेतात, वाचायला विचित्र वाटतं पण तो करून घ्यावाच लागतो. शिवाय चार गोष्टी पक्क्या केल्याशिवाय आगीला भिडायचं नाही: टेहळणीला माणूस, बोलायची सोय, पळायची वाट, आणि आग पोचणार नाही अशी सुरक्षित जागा. आपल्याकडे जून २०२४ मध्ये उत्तराखंडात बिनसरला वणव्यावर गेलेल्या वन खात्याच्या लोकांपैकी चार जण जागीच गेले. ती बातमी दोन दिवस चालली. त्यांच्याकडे या चारपैकी काय काय होतं, हे विचारणारी बातमी निदान माझ्या तरी वाचनात आली नाही.

आणि एक गोष्ट तर कोणी छापायला धजत नाही, ती म्हणजे कधीकधी आगीला न भिडणं हाच बरोबर निर्णय असतो. १९३५ मध्ये अमेरिकन वन खात्याने ठरवलं होतं की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत आटोक्यात आणायची. ऐकायला मस्त! पण दर वेळी छोटी आग विझवली की खालचा पाला, वाळकं लाकूड साठत जातं आणि पुढची आग मोठी होते. शेवटी १९७२ मध्ये सेलवे-बिटररूटच्या दुर्गम रानात विजेने लागलेल्या काही आगी नुसती नजर ठेवून जळू द्यायला सुरुवात केली. १९८८ ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही सुरुवातीला विजेच्या काही आगी जळू दिल्या, पण जुलैच्या उत्तरार्धापासून मात्र सगळ्यांवर लढले, वेगवेगळ्या वेळी मिळून सुमारे २५,००० माणसं, १२ कोटी डॉलर, तरी उद्यानाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आगीच्या फेऱ्यात आलाच, आणि ११ सप्टेंबरला बर्फ पडला तेव्हा कुठे आगीचा जोर मोडला. माणसांनी तिथल्या वस्त्या, इमारती वाचवल्या, ते काम मोठंच होतं, पण आग त्यांनी विझवली नाही. खाली गाव असेल तर जळू द्या म्हणणं मूर्खपणा आहे हे मान्य, पण कड्याच्या पलीकडे जिथे कोणी राहत नाही तिथे २० माणसं उतरवली नाहीत म्हणून "प्रशासन झोपलंय" असा मथळा देणं हेही मला तरी बेजबाबदार वाटतं.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की बातमी संपते, काम संपत नाही. त्यानंतर क्रू रेषेच्या आतल्या पट्ट्यात गुडघ्यावर बसून राख उकरतो, हातमोजा काढून उघड्या हाताचा मागचा भाग राखेजवळ नेतो, ऊब लागली तर परत खणायचं, माती कालवायची, परत हात. हे दिवसेंदिवस चालतं, कंटाळवाणं असतं, आणि इथे एक बुंधा सुटला तर पुढच्या जोरदार वाऱ्याला सगळी मेहनत पाण्यात.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी टक्क्यांसोबत एक छोटा नकाशा द्या, ज्यात आगीची कड कुठे पक्की झालीय आणि कुठे मोकळी आहे ते दोन रंगांत असेल, वाऱ्याचा बाण असेल आणि चढ कुठल्या बाजूला आहे ते असेल. जागा नसेल तर हेलिकॉप्टरचा फोटो दोन कॉलमांचा करा, आमची काही हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक