मिठाचा पुडा घराचा, पथ्य मात्र एकट्याचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्तदाब वाढल्याचे निदान झाले की डॉक्टर गोळी लिहून देतात आणि मीठ कमी करायला सांगतात. गोळी एकट्याला घेता येते. मीठ मात्र एकट्याला कमी करता येत नाही, कारण आपल्याकडे आमटी एकाच पातेल्यात शिजते. सहा वर्षांपूर्वी माझा रक्तदाब 160/100 निघाला, तेव्हा पत्नी माझी भाजी वेगळी काढू लागली. महिनाभरात ती या दुहेरी स्वयंपाकाला कंटाळली, आणि इतरांच्या ताटातली शेंगाचटणी पाहून मीही कडक भाकरीबरोबर ‘जराशीच’ म्हणत ती वाढून घेऊ लागलो. पुढच्या तपासणीत रक्तदाब जवळपास तेवढाच होता.

त्यानंतर आम्ही मिठाचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहू लागलो. प्रौढ माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या हिशेबाने पाच माणसांच्या घरात 1 किलोचा पुडा किमान 40 दिवस पुरला पाहिजे, आणि पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ धरले तर त्याहूनही अधिक. आमच्याकडे तो 23 दिवसांत संपत होता! हा आकडा सर्वांसमोर आल्यावर वेगळ्या भाजीचा विषयच मिटला. मीठ सगळ्यांचेच हळूहळू कमी केले. लसूण, लिंबू आणि चिंचेने चव सांभाळली. (सैंधव चालते, हा समज खरा नाही, त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असते.) गोळी अर्थातच चालू आहे, आणि बरे वाटते म्हणून ती स्वतःच्या मनाने कोणीही बंद करू नये.

रुग्ण घरातली बाई असेल, तर अडचण अधिक बिकट होते. आमच्या शेजारी विड्या वळणाऱ्या एक ताई आहेत. हजार विड्यांमागे मजुरी ठरलेली असल्यामुळे त्या दिवसभर एका जागी बसून असतात. त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे. पण विड्या कारखान्यात देऊन आल्यावर स्वयंपाक त्यांनाच करायचा असतो, आणि तो अळणी लागला की बोलणीही त्यांनाच खावी लागतात. म्हणून त्या घरच्यांसाठी नेहमीसारखे मीठ घालतात आणि स्वतः ताकाबरोबर कोरडी भाकरी खातात. याला पथ्य म्हणणे मला पटत नाही. ही उपासमार आहे.

म्हणून शहरातील दवाखाने आणि आरोग्य केंद्रांना माझी कळकळीची विनंती आहे की, रक्तदाबाच्या रुग्णाला पुढच्या तपासणीला बोलावताना घरातील आणखी एका व्यक्तीला सोबत आणायला सांगावे आणि मिठाचा हा हिशेब त्या व्यक्तीलाही समजावून द्यावा. रुग्ण बाई असेल, तर सोबत नवऱ्याला किंवा मुलालाच बोलवावे.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सोलापूर