मशीनसोबत एबीजीही द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डायलिसिस मशीनच्या लोकार्पणाच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर वाचते. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. त्यामुळे कितीतरी जणांची मुंबईवारी वाचली. मी कोकणात डायलिसिस टेक्निशियन आहे. या बदलाचा मला मनापासून आनंद आहे. पण आयसीयूतल्या अत्यवस्थ रुग्णाचे काम नुसत्या मशीनने भागत नाही; खाटेजवळच रक्त तपासून देणारे एबीजी मशीनही सोबत लागते.

ठरलेल्या दिवशी चालत येऊन चार तासांनी घरी जाणाऱ्या रुग्णाचे रक्त महिन्याकाठी तपासले तरी बहुधा चालते. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे येतात ते वेगळे: कुणाला घोणस चावलेली, कुणाला लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीतून पसरणारा ताप, झालेला. किडनी दोघांचीही बसते, पण रक्त निराळे असते. घोणसवाल्याचे पोटॅशियम चढलेले असू शकते. लेप्टोत मात्र किडनी बिघडूनही ते बऱ्याचदा कमीच सापडते. घोणसवाल्यासाठीचे डायलिसिसचे द्रावण डोळे मिटून लेप्टोवाल्याला लावले, तर आधीच उतरलेले पोटॅशियम आणखी उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. बरे, सुरुवातीचा आकडा कळला म्हणजे झाले, असेही नाही. मशीन सुरू झाले की तो सतत बदलत राहतो.

घोणसच्या विषाने रक्त गोठत नसेल तर मशीनमध्ये रक्त गोठू न देणारे हेपरिन देता येत नाही. मग रक्त गाळणारा डायलायझर तुंबू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने सलाईन सोडत बसायचे. कॅथेटरच्या जागेतून रक्त झिरपत असते आणि इकडे डायलायझर काळवंडत असतो. हे ज्याने पाहिले आहे, त्याला रक्ताचा ताजा आकडा हाताशी असणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

आणि रात्री आपल्याकडे काय होते? सॅम्पल रिक्षाने बाहेरच्या लॅबला जाते. रिपोर्ट येईपर्यंत डायलिसिस संपत आलेले असते. वाटेत नळी हिंदकळली किंवा उशीर झाला, तर रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. मला सर्वांत धास्ती या खोट्या आकड्याची वाटते, कारण डॉक्टर त्यावरच पुढचा निर्णय घेतात.

काही नव्या मशीनवर रक्त किती दाट होत आहे हे सतत दाखवणारा सेन्सर असतो. बीपी कोसळण्याआधी सावध व्हायला त्याची मदत होते. पोटॅशियम मात्र तो सांगत नाही. त्यासाठी खाटेजवळ एबीजी मशीन हवे. अगदी थोड्या रक्तात, काही मिनिटांत ते पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम आणि रक्तातले आम्ल सांगते. लहान मुलांसाठी तर हे फार मोलाचे, कारण पुन्हा पुन्हा नळ्या भरून रक्त काढले तर त्यांच्या अंगात उरणार किती?

जिल्हा नियोजन समितीला आणि देणगीदारांना माझी कळकळीची विनंती आहे. आयसीयूसाठी डायलिसिस मशीन देताना एबीजी मशीनही द्या. त्याच्या कार्ट्रिजला मुदत असते, म्हणून दरवर्षीच्या कार्ट्रिजची तरतूद त्याच ठरावात करा. ते चालवण्याचे प्रशिक्षण रात्रपाळीच्या सिस्टरांनाही द्या. हे सगळे लावणीच्या आधी व्हायला हवे.

— एक डायलिसिस टेक्निशियन, जि. रत्नागिरी